एकाच खाटेवरचे दोन आजार

अक्का,

तुझं तेरावं झालं, पाव्हणे आपापल्या गावी गेले, आणि काल मी दवाखान्याच्या मागच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. त्या औषधाचा वास अजून भिंतीत मुरलेला आहे. दारू थांबवल्यावर थरथरणाऱ्या माणसांना तू द्यायचीस ते पॅराल्डिहाइड. माझ्या साड्यांना तो वास लागायचा, तपासायला आणलेल्या वह्यांना लागायचा, एकदा तर आंबोळीच्या पिठाला लागला आणि त्यावरून आपल्यात कितीतरी दिवस अबोला होता. शाळेतल्या मुली आपापसांत कुजबुजायच्या की कमलबाईंच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो. तुला सांगितलं की तू म्हणायचीस, "त्यांना म्हणावं, घरी दारूचा वास येण्यापेक्षा बरं." आता मी ही तक्रार कुणाकडे घेऊन जाऊ?

भेटायला आलेले सगळे एकच बोलत होते. बाईंनी किती जणांची दारू सोडवली, किती संसार सावरले. मी मान हलवत होते आणि मनात तुझा चेहरा बघत होते. हे कौतुक कानावर आलं की तू असा चेहरा करायचीस, जसं कुणी दुसऱ्याच बाईबद्दल बोलतंय. पोतनीस मास्तरांनंतर तू "दारू सोडवली" हे शब्द स्वतःबद्दल कधी वापरलेच नाहीस.

मास्तर आपल्याच गल्लीतले, मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. संस्थान विलीन झालं, कोल्हापुरात दारूबंदी आली, आणि तरीही त्यांना रोज कुठून तरी मिळत होती. ते स्वतःच तुझ्याकडे आले. तू त्यांना मागच्या खोलीत ठेवलंस, इंजेक्शनं दिलीस, मऊ भात भरवलास, त्यांचा हात हातात धरून बसलीस. मास्तरांची दारू सुटली. दारूबंदीच्या प्रचारसभेत त्यांना हार घालून उभं केलं होतं आणि शेजारच्या खुर्चीवर तू होतीस. मास्तर सगळा वेळ हाराच्या फुलांकडे बघत होते. लोकांना तो विनय वाटला. तुलाही वाटला. त्या संध्याकाळी तू इतकी खुशीत होतीस की मला सोबत घेऊन रंकाळ्यावर फिरायला गेलीस.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांनी जीव दिला. तोंडाला दारूचा थेंब लागलेला नव्हता. तू त्यांच्या घरी गेलीस, मी तुझ्या मागे होते. मास्तरांची बायको रडत नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही त्यांची दारू सोडवलीत, तुम्हाला मी काय बोलणार. पण प्यायचे तेव्हा निदान संध्याकाळचे थोडे हसायचे. सोडल्यापासून नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मला वाटलं, शहाणे झालेत."

घरी येऊन तू अंगणातल्या दगडावर बसलीस. पायातल्या चपला काढायचंही भान नव्हतं. तिथूनच म्हणालीस, "कमू, मी त्यांची काठी काढून घेतली. पाय मोडलाय का, ते बघितलंच नाही."

तिथून तू बदललीस. पुण्या-मुंबईहून पुस्तकं मागवायला लागलीस. दारूसाठी येणाऱ्या प्रत्येकाला तू दारूबद्दल शेवटी विचारायचीस. आधी झोप, मग भूक, मग रडू येतं का, भीती कशाची वाटते, आणि हे सगळं प्यायला लागायच्या आधी होतं की नंतर आलं. माणसं गोंधळायची. शिव्या खायच्या तयारीनं आलेल्या माणसाला कुणी "तुम्हाला पहाटे जाग येते का" असं विचारलं, की तो आधी इकडेतिकडे बघतो आणि मग एकदम बोलायला लागतो. मी पडद्याआड वह्या तपासत असायचे, सगळं कानावर यायचं. नको वाटायचं.

आणि तू दारं ठोठावत फिरलीस. गावातले मोठे डॉक्टर म्हणाले, आधी दारू सुटू दे, मग मनाचं बघू. वेड्यांच्या इस्पितळातून कळवलं की दारुड्यांना आम्ही ठेवत नाही, दारू सोडवून आणा, मग बघू. तू ताटावर बसल्या बसल्या म्हणालीस, "दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आणि माणूस मधल्या रस्त्यावर मरतोय."

मग गणपत आला. त्याला त्याची बायको आनसा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावाहून एसटीनं घेऊन आली होती. गणपत लढाईतून परतलेला शिपाई. चांगला उंचापुरा, पण पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरूनही सांडत होता. तू विचारायच्या आत आनसा म्हणाली, "बाई, दारूसाठी न्हाय आणलं. दारू काय, आमच्या गावात निम्मी माणसं चोरून पित्यात. ह्यो झोपत न्हाय. डोळं उघडं ठिवून बसतोय आन् कुणासंगट तरी बोलतोय. दारू पिला की मगच पडतोय. आता दारू सोडवून तुमी काय करनार, ते आदी सांगा. मग मी ठेवतो."

तू तिच्याकडे अशी बघत राहिलीस, जणू पुस्तकात शोधत होतीस ते कुणी तरी तोंडावर म्हणून दाखवलं. म्हणालीस, "दोन्ही एकदम बघू. ठेव त्याला."

मी विरोध केला, तुला आठवत असेल. घरात आपण दोघी बायका, आणि मागच्या खोलीत ओरडणारा शिपाई. तू म्हणालीस, "तुला भीती वाटते तर मावशीकडे जा चार दिवस." मी गेले नाही. पण मोठ्यानं भांडी आपटली. दारू थांबल्यावर गणपतला भिंतीवर किडे दिसायला लागले. तो ते झटकत होता आणि मध्येच कुणाला तरी "थांब, थांब, आलो" म्हणत होता. तू औषध देत होतीस, आनसा त्याचे पाय धरून बसली होती.

त्यातच एका सकाळी कुणीतरी पोलिसांत वर्दी दिली. हवालदार दारात आला, म्हणाला, दारू प्यालेला इसम तुमच्या घरात आहे, ताब्यात द्या. तू उंबऱ्यात उभी राहिलीस. तुझा आवाज चढला नाही. "हवालदार, हा माझा पेशंट आहे. याला आत्ता उचलून कोठडीत टाकलंत, तर उद्या तुम्हाला प्रेत बाहेर काढावं लागेल. मी सांगूनही नेलं, एवढं मला लिहून द्या आणि घेऊन जा." हवालदारानं आत डोकावून बघितलं. गणपत तेव्हा भिंतीशी बोलत होता. हवालदार टोपी काढून म्हणाला, "बाई, ह्याला काय झालंय?" तू म्हणालीस, "तेच शोधतेय. बसा, चहा घ्या." तो चहा घेऊन गेला. पुन्हा आला नाही.

गणपत त्यातून उठला. दुसऱ्या कुणी असतं तर तिथंच डिस्चार्ज दिला असता. तू त्याला दर बाजाराच्या दिवशी यायला लावलंस. आनसा भाजीची पाटी विकून घ्यायची आणि मग त्याला घेऊन यायची. पहिले कित्येक बाजार तो नुसता बसून गेला. तूही काही विचारलं नाहीस. तू केसपेपर लिहीत बसायचीस, तो खिडकीतून रस्ता बघायचा. मला वाटायचं, हा कसला इलाज. मग एकदा तो आपणहून बोलला.

ब्रह्मदेशात तो जखमी उचलायच्या कामावर होता. त्याच्याच गावचा सखाराम त्याच पलटणीत. सखाराम जखमी झाला, गणपतनं त्याला पाठीवर घेतलं, पण मागून गोळीबार सुरू होता आणि जंगलात वाट नव्हती. "त्यो म्हनला, गणप्या, मला ठिवू नगंस. आन् मी ठिवलं, बाई. झाडाखाली ठिवलं आन् पळालो. मागनं हाक येत हुती." सखारामची म्हातारी आई गणपतच्याच गल्लीत राहायची. ती रोज त्याला दारात थांबवून ताक द्यायची आणि विचारायची, माझं पोर कसं गेलं रं. तो म्हणायचा, गोळी लागली, लगेच गेला, तरास झाला न्हाय. मग रानातनं घरी येताना त्या दारावरून जायच्या आधी तो पिऊन यायला लागला.

मी पडद्याआड होते. मला पुढची वही उघडवेना.

त्याच्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते मिटलंच नाही. मी म्हणाले, त्यानं म्हातारीला खरं सांगायला पाहिजे, तोवर तो सुटायचा नाही. तू म्हणालीस, "म्हणजे याच्या डोक्यावरचं ओझं काढून सत्तरीच्या बाईच्या डोक्यावर ठेवायचं? हे औषध नव्हे, कमल." मी म्हणाले, "मग तिनं मरेपर्यंत खोटं ऐकायचं? तुझा पेशंट बरा राहावा म्हणून?" तू म्हणालीस, "ती माझ्याकडे आलेली नाही. तो आलाय." मी म्हणाले, "हे तर त्या मोठ्या डॉक्टरांसारखंच झालं. आपल्या दाराशी आलेलं तेवढं आपलं." तू ताटावरून उठून गेलीस. तुला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं, पण मी बोलले ते मला अजूनही खोटं वाटत नाही.

त्या सुमाराला डॉक्टरांच्या मंडळात तू निबंध वाचलास. मास्तरांपासून गणपतपर्यंतच्या माणसांबद्दल, नावं न घेता. दारू आणि मनाचा आजार एकाच माणसात असतील तर दोन्हीवर एकाच छपराखाली, एकाच वेळी इलाज व्हायला हवा, असं तुझं म्हणणं. मी मागच्या खुर्चीवर होते. मोठे डॉक्टर उठून म्हणाले, "म्हणजे बाई, दारुड्याला दुःख आहे म्हणून आपण त्याला माफ करायचं?" तू म्हणालीस, "माफ करणं न्यायाधीशाचं काम आहे. मी औषधाबद्दल बोलतेय." थोडा हशा पिकला. परदेशातून नवी गोळी आलीय, ती घेऊन दारू प्यायली की माणूस ओकून बेजार होतो आणि पुन्हा शिवत नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असंही एकानं विचारलं. तू म्हणालीस, "गोळी वाईट नाही. एकटी गोळी वाईट." शेवटी अध्यक्षांनी आभार मानताना भगिनींच्या कोमल हृदयाचं कौतुक केलं आणि सगळे चहाला उठले.

परतताना तू रागानं भरभर चालत होतीस आणि मध्येच थांबत होतीस. तुला दम लागायचा तेव्हा तू कुणाच्यातरी घराकडे निरखून बघत उभी राहायचीस, जणू ते घर बघायलाच थांबलीस. तुझं काळीज लहानपणच्या तापापासून अधू होतं, ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत होतं. तरीही मी दर वेळी त्या घराकडे बघून म्हणायचे, "छान रंग दिलाय नाही?" आणि तू म्हणायचीस, "हो, बरा आहे."

पावसाळा संपता संपता गणपतनं कुणालाही न विचारता म्हातारीला सांगून टाकलं. तिच्या दारात, ताकाचा पेला हातात असताना. आनसानं येऊन सांगितलं की म्हातारीनं ऐकून घेतलं, पेला त्याच्या हातातून काढून घेतला आणि दार लावलं. त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही. गणपत त्याच दिवशी प्यायला आणि पीतच राहिला. पुन्हा त्याला आपल्याकडे आणलं तेव्हा तो आधीपेक्षा वाईट होता. मला वाटलं, आता तू माझ्याकडे वळून म्हणशील, बघितलंस? मी मनात उत्तरंही तयार ठेवली होती. तू पदर खोचलास, स्टोव्ह पेटवलास आणि म्हणालीस, "सुया उकळायला ठेव. पहिल्यापासून सुरुवात करायची."

आणि मग ते घडलं ज्याचा अर्थ आपल्याला दोघींनाही नीट लागला नाही. या वेळी बरा झाल्यावर गणपत म्हणाला, "बाई, म्हातारी बोलत न्हाय. समोरनं गेलो की तोंड फिरिवती. पर आता झोप लागतीया." मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे. तू पेपरवर लिहिलंस, झोप सुधारली. कशानं, ती जागा कोरी ठेवलीस. माझं बरोबर की तुझं, औषधानं की खरं बोलल्यानं, हे आपण कधी ठरवलं नाही. आणि त्या म्हातारीचं काय झालं, तिला झोप लागते का, हे आपल्या दोघींपैकी कुणी विचारलं नाही. तुझ्या तेराव्याला गणपत आला होता, तेव्हा मी विचारलं. म्हणाला, "हाय. दारात बसती. कवाकवा माज्या पोरीला जवळ घिती. माज्याशी न्हाय बोलत." एवढं सांगून तो पंक्तीत वाढायला लागला. त्याच्या हातातला आमटीचा वाडगा हलत नव्हता.

आता जे बोलायचं राहिलं ते बोलते.

एका रविवारी दुपारी आपण दोघी धान्य निवडत बसलो होतो. मी सहज म्हणाले, "अक्का, तू हे सगळं आबांसाठी करतेस ना?" तू सुपातून नजर न काढता म्हणालीस, "आबा प्यायला लागायच्या कितीतरी आधीपासून पहाटे उठून रडायचे. मी बघितलंय. तू तेव्हा फार लहान होतीस." मी सूप खाली ठेवलं. मला आठवतात ते आबा वेगळे. संस्थानच्या कचेरीतून झोकांड्या खात येणारे, आईचा हात पिरगळणारे. आईचा तो हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही. तिनं त्यांचा फोटोसुद्धा भिंतीवर लावू दिला नाही, आणि त्यांचं नाव निघालं की एकच शब्द म्हणायची, दारुडा. मी तुला म्हणाले, "आजारी होते म्हणून आईचा हात बरा होतो का?"

तू म्हणालीस, "नाही होत."

बस, एवढंच. मला वाटलं होतं तू काहीतरी समजावशील, पुस्तकातलं सांगशील, आणि मग मला तुझ्याशी भांडता येईल. तू भांडायला काही ठेवलंच नाहीस. आपण उरलेली ज्वारी निवडली. त्यानंतर आबांचा विषय आपल्या घरात कधी निघाला नाही. तुझ्या आजारपणात एकदा तू माझ्याकडे बघत होतीस आणि मला वाटलं, आता विचारशील. मी पटकन औषध आणायला उठले.

ऐक तर. मी आबांना माफ केलेलं नाही, अक्का. करीन असंही वाटत नाही. पण आजकाल कुणी त्यांच्याबद्दल विचारलं आणि आईचा तो शब्द ओठावर आला, की तो पूर्ण बाहेर पडत नाही. मध्येच एक माणूस पहाटे उठून रडताना दिसतो, जो मी कधी बघितलेला नाही. तो तू मला दिलास. मला तो नको होता. आता तो राहणार, असं दिसतंय.

गेल्या सोमवारी एक बाई आपल्या भावाला घेऊन दारात आली. बिद्रीकडची माणसं, तू गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "डॉक्टरीणबाई हायत का?" मी सांगितलं. बाई उंबऱ्यावर बसली. भाऊ तिशीचा, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, सारखा उपरण्यानं नाक पुसत होता. ती म्हणाली, "मग आता दारूचं कुटं दावायचं आन् डोस्क्याचं कुटं?"

मला शाळेला उशीर होत होता. मी तसंच दार ओढलं आणि दोघांना घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्म्यातून वर बघितलं. म्हणाले, "दारूचा आहे ना?"

"दारूचा आहे आणि मनाचाही आहे," मी म्हणाले.

"ठीक आहे, आधी दारू..."

"नाही डॉक्टर. दोन्ही एकदम."

ते खुर्चीत मागे टेकले. "कमलबाई, तुम्ही शिक्षिका आहात."

"हो. म्हणून तर सांगतेय. एक धडा झाला की दुसरा, असं मुलांचं चालतं. याचं चालणार नाही. याला घरी पाठवलंत तर ही बाई पुन्हा माझ्या दारात येईल आणि मी तिला पुन्हा तुमच्याकडे घेऊन येईन."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी त्या भावाकडे बघितलं. तो रडतच होता, आवाज न करता. मग त्यांनी नर्सला खाट बघायला सांगितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांच्या निबंधाची प्रत आहे का तुमच्याकडे? त्या दिवशी मी नीट ऐकला नव्हता."

मी प्रत नेऊन दिली. वाचली की नाही, माहीत नाही. गडी अजून तिथंच आहे. काल त्याचा थरकाप कमी होता, पण दिवसभर कुशीवर पडून भिंतीकडे तोंड करून होता, आणि नर्स म्हणाली, आता बरा आहे, परवा सोडू. मी तिला सांगितलं, सोडू नका, तो आत्ता कुठं आजारी दिसायला लागलाय. तिला ते समजलं नाही. उद्या शाळा सुटली की मी जाणार आहे, आणि डॉक्टर भेटेपर्यंत त्या खाटेपाशी बसून राहणार आहे.